आधी फोन, की आधी न लागणारं लक्ष? ही गाठ सोडवायची एक वाट

काम करायला बसायचं म्हणून तू लॅपटॉप उघडतेस. फाइल समोर येते, पहिलं वाक्य सुचत नाही, आणि हात फोनकडे जातो. कुणाचा मेसेज आलेला नसतो, फोन वाजलेलाही नसतो. भानावर येतेस तोवर पाऊण तास गेलेला असतो, फाइल कोरीच असते आणि मनात ते जुनं वाक्य पुन्हा उमटतं: ‘मी आळशीच आहे.’

त्या पाऊण तासात आळसाचा वाटा फार थोडा असतो. आळशी माणसाला न झालेल्या कामाची इतकी टोचणी लागत नाही. तरीही तुला दोनच सल्ले मिळत राहतात. घरचे म्हणतात, फोनने तुझं डोकं बिघडवलंय, तो आधी बंद कर. छोटे छोटे व्हिडिओ म्हणतात, तुला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं लहानपणापासूनच जड जाणारा विकार. यातलं कोणतं खरं, की दोन्ही खरं, हे शोधायला साधारण महिनाभर लागतो. तो महिना कसा घालवायचा ते पुढे सांगते. त्याआधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत नसेल तर पायऱ्या कोरड्या नियमांसारख्या वाटतील.

दोन्हीकडून जाणारा रस्ता

तैवानमध्ये २२९३ शाळकरी मुलामुलींचा दोन वर्षं पाठपुरावा केला गेला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला ज्यांना इंटरनेटचं व्यसन नव्हतं, त्यांतल्या कुणाला ते पुढे लागलं, हे त्यात पाहिलं होतं. नैराश्य, लोकांत मिसळण्याची भीती, आतला राग आणि एडीएचडी, या चारही गोष्टींचा संबंध दिसला. मुलग्यांमध्ये राग हा सगळ्यांत मोठा इशारा ठरला, तर मुलींमध्ये एडीएचडी. म्हणजे न लागणारं लक्ष आधी होतं आणि इंटरनेटचा विळखा नंतर पडला.

आता उलट बाजू. अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या १५-१६ वर्षांच्या २५८७ मुलामुलींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला यांच्यात एडीएचडीची ठळक लक्षणं नव्हती. पुढची दोन वर्षं पाहिलं, तेव्हा जे कुठलंच डिजिटल माध्यम सतत वापरत नव्हते त्यांच्यातल्या ४.६ टक्क्यांमध्ये अशी लक्षणं होती. जे विचारलेली सगळी १४ माध्यमं सतत वापरत होते त्यांच्यात हे प्रमाण १०.५ टक्के होतं. हा नुसता संबंध आहे, एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध झालेलं नाही, आणि फरक मोठा असला तरी सतत वापरणाऱ्यांतही बहुतेकांना लक्षणं नव्हती. पण रस्ता दोन्ही दिशांनी जातो असं मानायला जागा आहे.

तो का जातो, ते समजायला अवघड नाही. ज्या मेंदूला लांबच्या बक्षिसासाठी थांबणं जड जातं, त्याला परीक्षेचा निकाल किंवा महिनाअखेरीचं काम फार दूर वाटतं. फोनमधलं बक्षीस मात्र बोटाच्या एका ओढीवर असतं. त्यात ते दर वेळी मिळत नाही; दहा रील्समधली एखादीच आवडते, कधी लाइक येतात, कधी येत नाहीत. केव्हा मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस सवय सगळ्यांत घट्ट करतं, हे वर्तनशास्त्राला १९५० च्या दशकापासून माहीत आहे. भरीला, खाली सरकवत राहा, पान संपतच नाही. पूर्वी पान संपलं की ‘आता पुरे’ म्हणायची एक जागा मिळायची. ती जागाच काढून टाकली आहे.

उलट दिशेनेही तेच. कॅनडातल्या एका विद्यापीठात २२१ विद्यार्थ्यांना एक आठवडा नोटिफिकेशन चालू आणि फोन जवळ ठेवायला सांगितला, दुसरा आठवडा नोटिफिकेशन बंद आणि फोन नजरेआड. पहिल्या प्रकारच्या आठवड्यात त्यांनी लक्ष उडण्याच्या आणि अस्वस्थपणाच्या तक्रारी जास्त सांगितल्या. हा अभ्यास २०१६ चा. आठवड्याभरात कुणाला एडीएचडी होत नाही, पण एडीएचडीसारखं वाटू लागतं, हे त्यातून दिसतं. तुझं कोडं नेमकं इथे आहे: वरून दोन्ही सारखंच दिसतं.

मुलींच्या बाबतीत हे उशिरा का कळतं

एडीएचडी म्हटलं की डोळ्यांसमोर बाकावर उड्या मारणारा मुलगा येतो. मुलींमध्ये बरेचदा हा विकार शांत असतो. खिडकीबाहेर बघणारी, वही विसरणारी, ऐकतेय असं वाटून काहीच न ऐकलेली मुलगी वर्गात कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. तिला नावं मिळतात: वेंधळी, धांदरट, विसरभोळी, आरंभशूर. प्रगतिपुस्तकात शेरा येतो, ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ मग ती मुलगी रात्री जागून, तीनतीनदा तपासून, सगळ्यांची माफी मागत हा दोष झाकायला शिकते. झाकण्यातच तिची निम्मी ताकद जाते. दिवसाच्या शेवटी फोन हातात घेतल्यावर पहिल्यांदा तिला कुणासमोर नीट वागावं लागत नाही. त्या ओढीला नुसतं ‘व्यसन’ म्हणून हिणवणं मला अन्यायाचं वाटतं.

व्यसन या शब्दाबद्दलही थोडं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमिंगचा विकार आहे. ‘इंटरनेटचं व्यसन’ असं वेगळं निदान तिथे नाही. किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली तयार केलेली २० प्रश्नांची चाचणी आजही वापरली जाते, पण तिचे गुण म्हणजे निदान नव्हे. तासांवरूनही फारसं काही ठरत नाही. सहा तास स्क्रीनवर काम करणारी मुलगी ठणठणीत असू शकते. पाहायचं ते हे: थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही का, झोप, काम आणि नाती त्यापायी झिजतायत का, आणि नुकसान दिसत असतानाही हात तिकडेच जातो का. मुलींमध्ये ही ओढ गेमपेक्षा सोशल मीडिया आणि गप्पांकडे जास्त असते. तिथे माणसं असतात, म्हणून ती सोडणंही जास्त दुखतं.

पहिली पायरी: एक आठवडा काहीही बदलू नकोस, फक्त लिही

सगळ्यांना इथे घाई होते. आज रात्रीच सगळी अ‍ॅप काढून टाकावीत असं वाटतं. तसं करू नकोस, कारण मग तुला काय झालं होतं ते कधीच कळणार नाही.

एक छोटी कागदी वही घे. फोनमधलं नोट्सचं अ‍ॅप नको, त्यासाठी पुन्हा फोनच उघडावा लागतो. नकळत फोन उचलला गेला असं लक्षात आलं की एक ओळ लिहायची: किती वाजले, त्या क्षणी खरं काय करायचं होतं, आत काय वाटत होतं, आणि खाली ठेवताना कसं वाटलं. उदाहरणार्थ: ‘११.२०. प्रोजेक्टची सुरुवात. कुठून सुरू करू कळेना, छातीत धडधड. ३५ मिनिटं. नंतर जास्तच धडधड.’ दिवसाला पाच-सहा नोंदी झाल्या तरी पुरे. सगळ्या टिपायचा हट्ट धरलास तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल. फोनच्या सेटिंगमध्ये रोजचा स्क्रीन टाइम आणि फोन किती वेळा उचलला तो आकडा असतो. झोपण्याआधी तो लिहून ठेव.

आठवडा संपल्यावर वही एकदम वाच आणि फक्त तिसरी गोष्ट, म्हणजे आत काय वाटत होतं, ती पेनाने अधोरेखित कर. एखाद्या मुलीच्या वहीत ‘कंटाळा’ पानोपानी दिसतो. दुसरीच्या वहीत ‘सुरुवात करता येईना’. तिसरीच्या वहीत रात्रीच्या नोंदी आणि ‘एकटं वाटतंय’. या तिघींचे फोनचे तास सारखे असतील, अडचण सारखी नाही. सुरुवातच होत नसेल तर पुढच्या पायरीकडे नीट लक्ष दे. एकटेपणा आणि उदासी पुन्हा पुन्हा येत असेल, तर लक्षाचा प्रश्न मनाच्या दुखण्यातून आलेला असू शकतो. नैराश्यातही वाचलेलं डोक्यात शिरत नाही.

दुसरी पायरी: वयाच्या बाराव्या वर्षाआधीची तू

माझ्या मते यात सर्वाधिक माहिती देणारी पायरी हीच, आणि सगळे जण नेमकी हीच गाळतात.

एडीएचडी मोठेपणी अचानक उगवत नाही. डॉक्टर वापरतात त्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेतल्या निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीच असावी लागतात, ती घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि किमान सहा महिने टिकावी लागतात. लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं दिली आहेत. १७ वर्षं आणि त्यापुढच्या वयात त्यांतली किमान पाच असावीत, आणि त्यांनी रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा आणलेला असावा. वेंधळेपणाच्या चुका, लक्ष टिकवता न येणं, समोरचा बोलत असताना मन भटकणं, काम अर्धवट टाकणं, आखणी न जमणं, डोकं लावावं लागतं अशी कामं टाळणं, वस्तू हरवणं, सहज विचलित होणं, विसरणं: हीच ती नऊ.

म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं काढ. गुण बघू नकोस, शेरे वाच. आईला, मावशीला, मोठ्या भावंडाला विचार, पण ‘मी लहानपणी चंचल होते का?’ असं विचारलंस तर ‘सगळीच मुलं असतात’ असं उत्तर येईल. नेमकं विचार: मी डबा, पेन, स्वेटर किती वेळा हरवायचे? एक काम सांगितलं की मी वाटेत दुसरंच करत बसायचे का? गृहपाठ कुणीतरी शेजारी बसल्याशिवाय व्हायचा का? हाक मारली की कितव्या हाकेला मी वर बघायचे? उत्तरं त्याच वहीत तारखेसह लिही.

लहानपणापासूनच हातात स्क्रीन असेल, तर ज्या जागी स्क्रीन नव्हती त्या आठव: मैदान, लांबचा प्रवास, लग्नघर, वर्ग. तिथेही मन असंच उडत होतं का? आणि उलटही प्रामाणिकपणे पाहा. दहाव्या वर्षी तू दिवसभर गोष्टींच्या पुस्तकात बुडून जायचीस, गृहपाठ आपणहून करायचीस, आणि हे सगळं फोन हाती आल्यानंतर सुटत गेलं असेल, तर संशयाची सुई फोन, झोप किंवा मनःस्थितीकडे वळते. नुसतं पुस्तकात बुडून जाणं मात्र पुरावा धरू नकोस. एडीएचडीतही आवडीच्या गोष्टीत तासन्‌तास हरवून जायला होतं.

तिसरी पायरी: शरीराकडे एकदा बघून घे

ही लवकर उरकता येते आणि कधी कधी कोडं इथेच सुटतं. जगभरात १५ ते ४९ वयाच्या साधारण ३० टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोह कमी असेल तर थकवा येतो, डोकं जड राहतं, वाचलेलं टिकत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड यांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचार. मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नकोस.

झोप किती, तेही वहीत लिही. प्रौढांना रात्री किमान सात तास हवेत. पाच तास झोपलेल्या कुणाचंही लक्ष उडतं, आणि झोप उडवणारी वस्तू बहुधा उशाशीच असते. पाळीच्या तारखाही टाक. काही जणींना पाळीआधीच्या आठवड्यात लक्ष जास्त विस्कटल्यासारखं वाटतं. तुझ्या नोंदी तसं सांगत असतील तर ते डॉक्टरांना सांगण्याजोगं आहे, आणि त्या आठवड्यात स्वतःला कमी दोष देण्याजोगंही.

चौथी पायरी: चौदा दिवसांचा हलका फोन

फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४६७ जणांना दोन आठवडे फोनवरचं इंटरनेट बंद ठेवायला सांगितलं होतं. फोन करणं, साधे मेसेज आणि संगणक चालू होता. लक्ष टिकवण्याची क्षमता चाचणीत सुधारली, आणि ती सुधारणा वयाने दहा वर्षं लहान होण्याएवढी होती असं संशोधकांनी मोजलं. सगळ्यांना सगळे दिवस पाळता आले नव्हते, तरी सरासरी फायदा दिसला. तुझाही एखादा दिवस हुकेल. चौदातले दहा दिवस जमले तरी तुला हवं ते उत्तर मिळेल.

हे असं कर. सोशल मीडिया आणि व्हिडिओची अ‍ॅप फोनवरून काढ, खाती बंद करायची गरज नाही. हवं तर संध्याकाळी ठरलेल्या अर्ध्या तासात संगणकावर बघ. ब्राउझरमधून मागच्या दाराने शिरायला होतं, म्हणून अ‍ॅप अडवणारी सोय लाव आणि तिचा पासवर्ड मैत्रिणीला टाकायला सांग. नोटिफिकेशन फक्त माणसांची ठेव, आणि त्यातही ग्रुपची नाही. आवाज ऐकून फोनला हात न लावताही लक्ष तुटतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. ‘मी बघत नाही, नुसता वाजू दे’ हा तोडगा उपयोगाचा नाही. रात्री चार्जर दुसऱ्या खोलीत, उशाशी साधं गजराचं घड्याळ.

दोन गोष्टी मुलींसाठी मुद्दाम सांगते. बाहेर पडताना फोन, नकाशा, गाडी बोलवायचं अ‍ॅप, लोकेशन पाठवायची सोय, यांतलं काहीही काढू नकोस. सुरक्षिततेची किंमत मोजून लक्ष सुधारायचं नसतं. दुसरं, मैत्रिणींना आधी सांग: ‘पुढचे दोन आठवडे मी मेसेज दुपारी आणि रात्री बघणार आहे, तातडीचं असेल तर सरळ फोन कर.’ उत्तर दिलं नाही तर कुणी दुखावेल, ही धास्ती मुलींना फोनशी फार घट्ट बांधून ठेवते. हे एक वाक्य पाठवलं की ती बरीच सैल होते.

पहिले तीन-चार दिवस वाईट जाऊ शकतात. चिडचिड होते, हात उगाच खिशाकडे जातो, संध्याकाळ लांबलचक वाटते. रिकामी झालेली जागा आधीच भरून ठेव, आणि भरताना पहिल्या आठवड्याची वही बघ. कंटाळा होता तर हातांना काम दे: विणकाम, चित्र, कपाट आवरणं. एकटेपणा होता तर कुणाला तरी प्रत्यक्ष भेट. फक्त ‘फोन नको’ एवढंच ठरवलंस तर पाचव्या दिवशी तू पुन्हा तिथेच असशील.

पाचवी पायरी: काय उरलं ते वाचणं

चौदा दिवस रोज एकच मोजमाप ठेव: सकाळी ठरवलेलं एक काम हाती घेतल्यापासून पहिल्यांदा मन उडेपर्यंत किती मिनिटं गेली. शेवटी तीन शक्यता असतात.

मिनिटं वाढत गेली, डोकं हलकं झालं, लहानपणीचा पुरावाही नाही, तर बराचसा दोष फोनच्या वापराचा आणि झोपेचा होता. मग हीच मांडणी थोडी सैल करून चालू ठेव. एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४, तेव्हा चौदा दिवसांत सगळं पक्कं झालं असं धरू नकोस.

थोडी सुधारणा झाली, पण एका मर्यादेनंतर गाडी अडली, ही दुसरी शक्यता. तिसरी म्हणजे फोन नव्हता तरी मन तसंच उडत राहिलं: भिंतीकडे बघत, खिडकीबाहेर बघत, मध्येच उठून भलतंच काम काढत. लहानपणीच्या नोंदीही तेच सांगत असतील, तर फोन हा आजार नव्हता, तू स्वतःवर केलेला उपाय होता. या निष्कर्षाने काही जणींना रडू येतं. इतकी वर्षं स्वतःला आळशी म्हटल्याचं ते रडू असतं.

सहावी पायरी: तपासणीला जाताना

दुसऱ्या किंवा तिसऱ्या शक्यतेत मानसोपचारतज्ज्ञांना भेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली एएसआरएस नावाची, मोठ्या माणसांमधला एडीएचडी चाचपणारी प्रश्नावली आहे. तिचे पहिले सहा प्रश्न चाळणीसारखे वापरतात. ते घरी भरून नेता येतात, पण निदान डॉक्टरांशी बोलूनच होतं.

सोबत वही, जुने शेरे, रक्ततपासणीचे कागद ने आणि शक्य असेल तर लहानपणी तुला पाहिलेलं कुणीतरी. आत गेल्यावर ‘मी फोन फार वापरते’ या वाक्याने सुरुवात केलीस तर सगळं बोलणं फोनभोवतीच फिरण्याचा धोका असतो. त्याऐवजी म्हण: ‘दोन आठवडे फोनवरचं इंटरनेट बंद ठेवलं. झोप सुधारली, पण कामाला सुरुवात अजून होत नाही, आणि हे दुसरीपासून आहे. हे शेरे बघा.’ तरीही कुणी ‘फोन कमी करा’ म्हणून वाटेला लावलं, तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्यायला संकोचू नकोस.

उपचारांत आखणी आणि विचारांच्या सवयींवर काम करणारी वर्तनोपचार पद्धत असते आणि गरज असेल तर औषध. कोरियात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या, व्हिडिओ गेममध्ये गुंतलेल्या ६२ मुलांना आठ आठवडे मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध दिल्यावर त्यांचा इंटरनेटवरचा वेळही घटला. ती लहान मुलं होती आणि औषधाशिवायचा तुलनेचा गट त्यात नव्हता, म्हणून त्यावर फार भार टाकायला नको. पण मुळावर उपाय झाला की ओढही कमी होऊ शकते, एवढी आशा त्यात आहे. औषध घ्यायचं की नाही, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांसोबत ठरव. मैत्रिणीची गोळी कधीही घेऊ नकोस. आणि जगणंच नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर हा सगळा क्रम बाजूला ठेव आणि आजच कुणाला तरी सांग, आजच मदत घे.

दरम्यान काम तर करायचंच आहे

भेटीची वेळ मिळेपर्यंत आठवडे जातात. तोवर दहा मिनिटांचा गजर लाव आणि तेवढंच काम कर. ‘अहवाल लिहायचा’ असं ठरवू नकोस. ‘टेबलाशी बसले की फाइल उघडून शीर्षक टाइप करायचं’ असं ठरव. अमुक झालं की तमुक करायचं, अशी आधी बांधलेली जोडी नुसत्या निश्चयापेक्षा जास्त टिकते. शेजारी कोरा कागद ठेव आणि मध्येच आठवलेलं प्रत्येक काम त्यावर उतरव, ते बघायला फोन उघडू नकोस. कुणी शेजारी आपापलं काम करत बसलं तर पुष्कळ जणींना काम सोपं जातं. लहानपणी गृहपाठाला कुणीतरी लागायचं, तर आत्ताही लागलं म्हणून काही बिघडत नाही.

घरच्यांना हा लेख दाखवणार असशील तर त्यांच्यासाठी एवढंच: तिच्या हातातून फोन हिसकावून घेऊ नका. हिसकावलेला फोन ती लपवून वापरायला शिकते आणि तिची वही लिहायची राहून जाते. संध्याकाळी अर्धा तास तिच्या शेजारी बसा, आपापलं वाचन किंवा काम घेऊन, आणि तुमचा फोनही दुसऱ्या खोलीत ठेवा.